अ‍ॅडजस्ट

जगनशेठ ठेकेदाराला इंग्रजी एकच शब्द यायचा आणि काशीबाईला त्याची शिसारी आली होती. बंगल्यातून धरमतरची खाडी दिसावी म्हणून त्याने तो खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधाला खेटून बांधला, गाडीला वाट हवी म्हणून बांधच खरवडला. ती भांडायला गेली, तर म्हणे, "अ‍ॅडजस्ट करा." उधाणाला बांध फुटला, तिच्या भातात खारं पाणी शिरलं, तरी तेच. घरटी एक माणूस बांधासाठी चिखल टाकायला निघाला, तेव्हा हा मेला झोपाळ्यावरून म्हणाला, "माझ्याबिगर अ‍ॅडजस्ट करा."

संध्याकाळी तो गच्चीवरून बोंबलला, "अगो काशीबाय, नवा बांध गावाच्या बाजूनं घेतलाव? माझा बंगला खाडीत राहिला ना!"

काशीबाईने चिखलाचं शेवटचं ढेकूळ थापलं.



"व्हय शेठ. तेवढं अ‍ॅडजस्ट करा."