मुदतीचा अर्ज

"मॅडम, आणखी तीस दिवसांची मुदत मिळावी," डॉक्टरांचे वकील केदार म्हणाले. मंदाकिनीबाईंनी डोळे मिटून घेतले. ही पाचवी वेळ होती.

"कारण?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"जुना दवाखाना हलवताना कागद इकडे तिकडे झालेत. शोध चालू आहे."

मंदाकिनीबाईंच्या वकील शिवानी उठल्या. "हरकत आहे. दीड वर्ष फक्त शोधच चालू आहे. एक केसपेपर सापडत नाही?"

न्यायाधीशबाईंनी शेवटची संधी म्हणून तीस दिवस दिले.

बाहेर आल्यावर सुश्रुतने आईचा हात धरला. कल्याणच्या कोर्टाचा तो जिना तिला आता उतरवत नसे.

"मागच्या वेळीही शेवटचीच होती ना रे?" तिने विचारलं.

"जपून, पायरी आहे," सुश्रुत म्हणाला.

डॉक्टर गुरुदत्त खालीच उभे होते. तीस वर्षं ठाकुर्लीत त्यांचा दवाखाना. सुश्रुतच्या गोवरापासून त्याच्या वडिलांच्या, रघुवीररावांच्या, मधुमेहापर्यंत या घराचं सगळं त्यांनीच बघितलं होतं. त्यांनी नमस्कारासाठी हात जोडले. मंदाकिनीबाई मान फिरवून पुढे गेल्या.

रघुवीररावांचं इन्सुलिन डॉक्टरांनी फोनवरच वाढवलं होतं. डॉक्टरांनी सांगितला तेवढाच डोस मंदाकिनीबाईंनी सिरिंजमध्ये भरला होता, अगदी चष्मा लावून. दुसऱ्या दिवशी पहाटे रघुवीरराव उठले नाहीत. डॉक्टर धावत आले, ग्लुकोज दिलं, अँब्युलन्स बोलावली. दुपारी हॉस्पिटलात सगळं संपलं. साखर फार खाली गेली होती, एवढंच तिथे सांगितलं.

म्हणजे आकडा चुकीचा सांगितला गेला होता. किती सांगितला, याची लेखी नोंद फक्त डॉक्टरांच्या केसपेपरवर होती, आणि तो पेपर डॉक्टर देत नव्हते.

"चुकलो म्हणाले असते तरी मी कोर्टात आले नसते," मंदाकिनीबाई शिवानींना म्हणाल्या होत्या. "चाळीस वर्षं माझ्या हातचं जेवलेला माणूस गेला. का गेला, एवढं तरी मला कळायला नको?"

तीस दिवसांनी केदारनी पुन्हा अर्ज दिला. या वेळी न्यायाधीशबाईंनी तो फेटाळला. जो कागद हातात असूनही दाखवला जात नाही, तो न दाखवणाऱ्याच्या विरुद्धच असणार, असं धरून कोर्ट पुढे जाईल, असं त्यांनी बजावलं. डॉक्टरांना काही सांगायचं आहे का, असंही विचारलं.

डॉक्टर उभे राहिले. "नाही," म्हणाले आणि बसले.

सात महिन्यांनी निकाल लागला. डॉक्टरांचा हलगर्जीपणा शाबीत झाला. मंदाकिनीबाई जिंकल्या.

रिक्षात सुश्रुत म्हणाला, "आई, संपलं आता."

"हो," त्या म्हणाल्या. "पण सांगितलं नाहीच त्यांनी."

घरी जाऊन त्यांनी निकालाची प्रत रघुवीररावांच्या फोटोखाली ठेवली आणि तिथेच खुर्चीवर बसून राहिल्या. सुश्रुतने दोनदा चहा विचारला. त्यांना ऐकू आलं नसावं.

त्याच आठवड्यात केदार अपिलाच्या कागदांवर सह्या घ्यायला ठाकुर्लीला गेले. दवाखान्याची पाटी उतरवलेली होती. डॉक्टर खोक्यांत पुस्तकं भरत होते.

"अपील करायचं नाही," डॉक्टर म्हणाले.

"अहो, तीस वर्षांचं नाव गेलं तुमचं. लोक रस्त्यात बोलतात, मी ऐकतो. तो पेपर सापडला असता तर..."

"हरवला कधी होता?"

केदारनी हातातले कागद खोक्यावर ठेवले. "मग मला इतके अर्ज का करायला लावलेत? मी कोर्टात सांगत होतो, शोध चालू आहे म्हणून."

"तुम्हाला खोटं बोलायला लावलं, त्याची माफी मागतो. मला वाटलं, तारखांना कंटाळून वहिनी दावा सोडतील. त्यांनी सोडला नाही."

डॉक्टरांनी ड्रॉवरमधून पिवळा पडलेला केसपेपर काढून त्यांच्या हातात दिला आणि पुन्हा खोक्याकडे वळले.

वाढवलेला डोस त्यावर होता. तो बरोबर होता. खाली त्या पहाटेची नोंद होती, डॉक्टरांच्या बारीक मराठी अक्षरात. केदारनी ती खिडकीपाशी जाऊन वाचली.

'सव्वासहा. बेशुद्ध. साखर २२. इन्सुलिन काल संध्याकाळी साडेसातला स्वतः दिले, असे पत्नी सांगते. मुलगा बाहेर एकटा असताना सांगतो, तो रात्री नऊला घरी आला तेव्हा आई इंजेक्शन देत होती. म्हणजे दोनदा. पत्नीला दुसरे आठवत नाही, मुलाला पहिले माहीत नाही. दोघांनाही कधीही सांगू नये.'