जेवताना ऐकायचं गाणं

वसईचा विन्स्टन डाबरे अबूधाबीतल्या एका हॉटेलच्या रेस्टॉरंटमध्ये बरीच वर्षं गिटार घेऊन अमेरिकन कंट्री गाणी गात होता. यंदा तिथं करेन नावाची नवी गायिका आली. तिचं पहिलंच गाणं ऐकताना विन्स्टन इतका रंगला, की पुढची पाळी आपली आहे हेही विसरला.

काही दिवसांनी मॅनेजर सिद्धार्थनं त्याला केबिनमध्ये बोलावलं.

"विन्स्टन, बजेट कापलंय. दोघांपैकी एकाचंच कॉन्ट्रॅक्ट रिन्यू होईल. तू सीनियर आहेस. करेनला नाही म्हणून कळवू ना?"

विन्स्टनला घर आठवलं, मुलीचं कॉलेज आठवलं. तरी खोटं बोलवेना.

"सर, तिलाच ठेवा. मी गातो तेव्हा लोक जेवता जेवता ऐकतात. ती गाते तेव्हा जेवायचंच विसरतात."

सिद्धार्थ हसायला लागला.

"मग खलास, प्रश्नच मिटला. रेस्टॉरंटमध्ये तूच गा, इथं लोकांनी जेवलं पाहिजे. करेनचा तिकीट लावून वरच्या हॉलमध्ये शो करू, दर शनिवारी."

 

विन्स्टनचा चेहरा पडला. "सर, मग शनिवारी मला सुट्टी आणि एक तिकीट मिळेल ना?"