डाव्या पाट्यातला आवाज

"परत आला का?" पिकअप फाटकातून आत वळताना पाहूनच रोहिदासनं विचारलं.

"आला," सयाजीराव खिडकीतून म्हणाले. "मागून, डावीकडून. कट्ट असा."

हे धडधडीत खोटं होतं. गाडी मागून इतकी गप्प होती, की निगडीपासून चाकणपर्यंत सयाजीरावांना स्वतःचाच श्वास ऐकू येत होता. पण थाप एकदा जन्माला घातली की तिला सांभाळावंही लागतं, आणि ही थाप आता दोन महिन्यांची झाली होती.

सुरुवात अगदी सरळ होती. कंपनीतून निवृत्त झालं की पिकअप घ्यायची आणि जैसलमेरच्या वाळवंटात फिरायला जायचं, असं सयाजीराव आणि त्यांच्या पत्नी जयमालाबाई यांनी ठरवलं होतं. गाडी आली, आणि त्याच दिवाळीत जयमालाबाई गेल्या. वर्षभर गाडी ताडपत्रीखाली पडून होती. शेवटी वाकडला राहणारी त्यांची लेक पूनम म्हणाली, "बाबा, तुम्ही तरी जाऊन या. किती दिवस भिंतींशी बोलणार?" तिचं मन मोडवेना, म्हणून त्यांनी गाडी तळेगाव रस्त्यावरच्या रोहिदासच्या गॅरेजमध्ये नेली. गाडीचा भार पेलणाऱ्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या कामात त्याचा हात धरणारा अख्ख्या चाकणात कोणी नव्हता.

रोहिदासनं काम केलंही नामी. "वाळूत मागची बाजू मऊ पायजे, पर वजनानं बसता कामा न्हाई," म्हणत त्यानं गाडीबरोबर आलेले मूळचे पाटे उतरवले. लांब, पातळ पाटे चढवले, खाली आधाराला एक जाड ठेवला, शॉकॲब्सॉर्बर बदलले. गाडी मागून दोन इंच उचलली गेली.

"आता खुशाल जावा. तंबू, पाण्याचे कॅन, काय भरायचं ते भरा."

जावा, म्हणे! घरी येऊन सयाजीरावांनी नकाशा उघडला. हजार-बाराशे किलोमीटर, आणि शेजारची सीट रिकामी. त्यांना जायचं नव्हतं, आणि तसं लेकीला सांगायची छातीही होत नव्हती. गाडी दुरुस्तीत असली की कोणी विचारत नाही. पुढच्या गुरुवारी ते चाकणला गेले आणि म्हणाले, "डावीकडून आवाज येतोय."

रोहिदास मागच्या चाकापाशी वाकला. मग गाडीखाली शिरला. बऱ्याच वेळानं बाहेर येऊन हात पुसत म्हणाला, "व्हय. हाय आवाज. बघतो मी."

सयाजीरावांना हसू आवरेना. नसलेला आवाज या पठ्ठ्याला सापडला होता! मग त्यांच्या लक्षात आलं. रोहिदासची बायको कधीच वारली होती. मुलगा पुनावळ्यात जमिनींच्या व्यवहारात, तो गॅरेजकडे फिरकतही नव्हता. दिवसभर हा लोखंडाशी बोलणार; यालाही सोबतच हवी होती. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक.

तेव्हापासून दर गुरुवारी हा खेळ सुरू झाला. सयाजीराव दोघांचा डबा घेऊन यायचे. रोहिदास पाटे उतरवायचा, त्यांचे रबरी बुश तपासायचा, नट आवळायचा. जेवण झालं की गाडी खाणीकडच्या कच्च्या रस्त्यावर काढायची. सयाजीराव चालवायचे आणि रोहिदास मागं हौद्यात पत्र्याला कान लावून पडायचा.

"आला का?" तो ओरडायचा.

"आला!" सयाजीराव ओरडायचे.

"व्हय, आला!" मागून उत्तर यायचं.

दोन पिकली पानं, पण पोरांनी करावा तसला पोरखेळ. रोहिदास मजुरीचं नाव काढू देत नव्हता. दारात आलेल्या दुसऱ्या गाड्याही परत पाठवायचा. "आधी ही व्हऊ द्या," म्हणायचा. सयाजीरावांना संकोच वाटायचा, पण बरंही वाटायचं. आपल्यासाठी कोणी दिवस राखून ठेवतंय, हे सुख ते विसरूनच गेले होते. एकदा रोहिदासच्या कानात कापसाचा बोळा दिसला.

"सर्दी का, रोहिदासभाऊ?"

"वाईच," एवढंच बोलून तो गाडीखाली गेला.

आजही तसंच झालं. पाटे उतरले, चढले, खाणीकडे फेरी झाली. परतताना सयाजीरावांनी शेजारच्या सीटकडे पाहिलं आणि मनाशी पक्कं केलं: बस झाला खेळ. पुढच्या गुरुवारी आपली थाप कबूल करायची, दोघांनी पोटभर हसायचं आणि सरळ विचारायचं, 'येता का जैसलमेरला?' त्या आठवड्यात त्यांनी दोन घोंगड्या घेतल्या. पूनमला फोन करून सांगितलं, "निघतोय गं. सोबत मिळाली."

गुरुवारी ते पोचले तेव्हा गॅरेजच्या दारात टेम्पो उभा होता. शेजारच्या टायरवाल्या बंटीची माणसं रोहिदासचं पाटे वाकवायचं मशीन त्या टेम्पोत चढवत होती. रोहिदास धुतलेल्या कपड्यांत बाजूला बसला होता.

"हे काय चाललंय?"

"गॅरेज दिलं बंटीला. काल सह्या झाल्या."

"अहो, पण का?"

रोहिदासनं मान खाली घातली. "तुमी देवमाणूस. इतक्या खेपा घातल्या, पर एका शब्दानं बोलला न्हाई. तवा तुमास्नी खरं सांगतो. आमचा वस्ताद म्हणायचा, ज्याला पाट्याचा आवाज कळंना त्यानं गाडीला हात लावू नये. माणसं मरत्यात. कानाच्या डॉक्टरकडं जाऊन आलो, तर त्यो म्हणतो कान ठणठणीत हायेत. त्याला काय कळतंय? हौद्यात पडून मी लाजंपायी 'आला, आला' वरडायचो." त्यानं डोळे पुसले. "सयाजीराव, तुमचा त्यो आवाज मला एकदाबी ऐकू आला न्हाई."