देवराम सरांचा पहिला शब्द

इंग्रजीत तोच शब्द नाम असेल तर जोर पहिल्या अक्षरावर आणि क्रियापद असेल तर शेवटच्या. एवढं ज्याला जमलं त्याला जगात कुठेही मान खाली घालावी लागत नाही, असं देवराम सर सायखेड्याच्या शाळेत जन्मभर शिकवत आले. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांना साधं ‘हो’ म्हणता येत नव्हतं.

गंगापूर रोडच्या क्लिनिकमध्ये कशिश त्यांना पुन्हा बोलायला शिकवत होती. कप, गाय, किल्ली, अशी चित्रं दाखवून झाली. मागच्या बाकावरच्या पोराकडे बघावं तसं सरांनी गायीकडे बघितलं.

“आज घरच्या माणसाचं नाव घेऊन बघू. ते कधीकधी लवकर येतं,” कशिश म्हणाली. “काकू, काका तुम्हाला हाक कशी मारायचे?”

हे आज होणार, हे सगुणाबाईंना मागच्या खेपेलाच कळलं होतं. म्हणून तर त्या ठेवणीतलं पातळ नेसून आल्या होत्या.

“नावानंच की,” त्या नजर चुकवत म्हणाल्या. “सगुणा.”

कशिशने टेबलावर मोबाईल उभा केला. “काका, मी हे रेकॉर्ड करते हं.”

सरांच्या कपाळावरची शीर फुगली. धडधाकट हात खुर्चीवर आपटला. वाकडं तोंड दोनदा उघडलं, मिटलं, आणि आवाज फुटला.

“रि... कॉर्ड!”

कशिश बघतच राहिली.

“तुमचं चुकलं, मॅडम,” सगुणाबाई हळूच म्हणाल्या. “करायचं असलं की रिकॉर्ड. रेकॉर्ड म्हंजे ती वस्तू. ह्याच्यापायी पोरांची बोटं सुजायची.”

“अहो काकू, काका बोलले!” कशिशने टाळी वाजवली. “आता थांबायचं नाही. काका, ह्या कोण? स...”

“स...” सगुणाबाईंचेही ओठ हलले. त्या खुर्चीच्या अगदी कडेला आल्या होत्या.

सरांनी बायकोकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. हळूहळू चेहऱ्यावर ओळख उमटली, म्हणजे चेहरा त्रासिक झाला. जबडा हलला.

“ए!”

“आले, आले,” म्हणत सगुणाबाई उठल्या. पदर खोचून त्यांनी पेला भरला आणि सरांच्या तोंडाला लावला.

“बसा, काकू,” कशिशने मोबाईल बंद केला. “हा शब्द म्हणून नाही धरता येत. नुसता आवाज आहे.”