बिनआवाजाची बोली

रेकॉर्डर सुरू झाल्यापासून म्हातारा एकटाच बोलत होता. मुलाखत ठरली होती त्याच्या बायकोची. बंद पडलेल्या कापडगिरणीच्या जागी संग्रहालय होणार होतं आणि तिथे जुन्या विणकर बायकांचे आवाज जपून ठेवायचे होते. पण हा पडला मागखात्याचा जॉबर, चारशे बायकांवरचा साहेब. आपल्या खात्यातली बाई आपल्याआधी बोलते म्हणजे काय?

"आम्हाला पेंढा भरून ठेवणार, की नुसता आवाजच?" असं विचारून तो स्वतःच खो खो हसला. संग्रहालयातून आलेली मुलगीही हसली. बायको हसली नाही.

डोळे गेल्यापासून तो तिचं मनगट धरून बसायचा. बघणाऱ्याला वाटावं, काय हे म्हातारपणीचं प्रेम! पाण्याचा पेला पुढे करताना तिची बाही वर सरकली, तेव्हा मुलीला तिथे बोटांएवढे निळे डाग दिसले. काही जुने, काही ताजे. मुलीने रेकॉर्डरकडे बघितल्यासारखं केलं.

म्हातारी खुलली ती एकदाच, खात्यातली बोली शिकवताना. मागांच्या खडखडाटात कानाशी ओरडलं तरी ऐकू जायचं नाही. म्हणून बायका आवाज न काढता, ओठ मोठाले हलवून बोलायच्या. "सासूची गाऱ्हाणी या टोकापासून त्या टोकाला जायची, आणि कुणाचा माग थांबायचा नाही," ती म्हणाली. तिने मुलीकडून दोन-चार वाक्यं घोटून घेतली. मुलगी चटकन शिकली.

"मला सगळं कळायचं हं," म्हातारा म्हणाला. "काचेच्या केबिनमध्ये बसायचो. प्रत्येक मागाची कळ हाताशी, आणि नजर एकेकीच्या ओठांवर. मला शिव्या घालायच्या, त्याही वाचायचो."

मग मुलीने चिमणीचं विचारलं. चिमणी म्हणजे म्हातारीच्या शेजारच्या मागावरची पोर. कामावरच जीव गेला होता तिचा. बाकीच्या विणकर बायका तिचं नाव निघालं की विषय बदलत होत्या.

"तिचा निष्काळजीपणा, दुसरं काय," म्हातारा म्हणाला. "चालू मागाखाली वाकून कचरा काढत होती. वेणी पट्ट्यात गेली. चौकशीतही हेच निघालं." तो शेजारी वळला. "सांग की गं. तू तिथेच होतीस."

"हो. चालूच होता माग," म्हातारी म्हणाली. पाठ केलेला धडा म्हणावा तसं.

आणि लगेच तिचे ओठ पुन्हा हलले. आता त्यांना आवाज नव्हता. मोठाले, सावकाश ओठ: माग बंद होता. मुलीने ते वाचलं. ओठ परत हलले: यांनी चालू केला. पोर खाली आहे, थांबा, असं मी म्हणत होते. यांना दिसत होतं.

मुलीने रेकॉर्डरकडे पाहिलं. लाल दिवा इमानाने जळत होता आणि आत नुसती शांतता भरत होती. संग्रहालयात म्हाताऱ्याचा शब्द राहणार होता आणि त्याखाली बायकोचा 'हो'. मुलीनेही ओठांनीच विनवलं: मोठ्याने बोला. म्हातारीने मान हलवून नकार दिला. तिला भीती वाटत होती. साधी, घरातली, रोजची भीती.

"गप्प का झालात?" म्हाताऱ्याने विचारलं.

"पुढचा प्रश्न शोधतेय, आजोबा."

"कागद वाजला नाही तुमचा." तो जरा पुढे सरकला. "दोघी बोलताय."

दार मुलीच्या पाठीशीच होतं, तरी फार लांब वाटलं.

म्हाताऱ्याने मनगट सोडलं. त्याचा हात चाचपडत वर गेला. खांदा, गळा, हनुवटी. मग चार बोटं बायकोच्या ओठांवर येऊन थांबली. अगदी हलकेच.

"हं. आता विचारा," तो म्हणाला. "चिमणीचं परत विचारा."

मुलीला वाटलं, उठावं आणि पळत सुटावं. विचारलं तर या बाईचं काय होईल? आणि न विचारता गेले तरी काय चुकणार आहे? म्हातारी तिच्याकडे टक लावून बघत होती. मग तिने एकदाच डोळे मिटून उघडले, जणू म्हणाली: विचार.

"आजी, माग चालू होता की बंद?" स्वतःचाच आवाज मुलीला ओळखू आला नाही.

"बंद," बोटांखालून शब्द आला. आणि मग म्हातारी ओरडलीच, सगळे माग धडधडत असावेत तशी. "बंद होता! पोर खाली आहे, थांबा, थांबा, असं मी यांना म्हणत होते. यांनी काचेतून माझे ओठ वाचले. वाचले आणि कळ दाबली. गिरणीचा खोळंबा होत होता ना!"

म्हाताऱ्याची बोटं खाली आली आणि मांडीवर पडून राहिली. त्याच्या चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नव्हती. मुलीला त्याचीच जास्त भीती वाटली.

"झालं ना तुमचं?" तो गोड आवाजात म्हणाला. "या आता, मॅडम. दार ओढून घ्या जाताना."

मुलीने रेकॉर्डर उचलला, छातीशी धरला आणि ती उठली.

"पोरी," म्हातारी म्हणाली, चांगला खणखणीत आवाज काढून, "तू एवढ्यात जाऊ नकोस."