दाराची आतली बाजू

घराच्या सरकारी पाहणीला आलेल्या बाईंचं बोट चौकटीवर नेमकं त्याच जागी थांबलं आणि सुताराचा हात खिशाकडे गेला.

सकाळीच त्याने दाराची बाहेरची कडी काढली होती. स्क्रूची भोकं भुसा आणि सरस कालवून बुजवली होती, वरून पॉलिशचा हात फिरवला होता. कडी अजून त्याच्या खिशात होती. गिऱ्हाईक आलं की लेकीला खोलीत घालून तो ती कडी बाहेरून लावायचा. शेजाऱ्याने बजावलं होतं, “पाहणीत कडी दिसली ना, तर पोरीला उचलून संस्थेत नेतील. मग बस बोंबलत!”

लेक एकतीस वर्षांची, पण घरात अजून छकुली. समज सहा-सात वर्षांची, असं डॉक्टर म्हणायचे. काहीही विचारा, ती ‘हो’ म्हणायची.

मागच्या खेपेचे साहेब बूट घालून थेट स्वयंपाकघरात शिरले होते. त्यांचं कागदी बोलणं छकुलीच्या आईला कळलंच नाही. ती गप्प राहिली. साहेबांनी लिहिलं, ‘कुटुंबाचं सहकार्य नाही.’ या बाई चपला बाहेर काढून आत आल्या, आईशी चार घरगुती गोष्टी बोलल्या, छकुलीने आणलेलं पाणी प्यायल्या. सुताराला त्याचीच जास्त धास्ती वाटत होती. अशा माणसापासून काय लपणार?

“काका, पॉलिश ओलं आहे.”

“ते... वाळवी लागली होती जरा.”

छकुलीने बाबांच्या खिशाकडे बोट दाखवलं.

संपलं सगळं. त्याने कडी काढून बाईंच्या हातावर ठेवली. बाईंनी दार लोटून आतली बाजू पाहिली.

“आतून कडी नाही? मग छकुलीताई कपडे बदलताना काय करतात?”

हजारभर दारं बसवली होती त्याने. हा प्रश्न कधी पडलाच नव्हता.

बाईंनी कडी परत केली. “आतून बसवा.”

दहा मिनिटांत काम झालं. छकुली आत गेली. खट्.

मग आवाजच नाही. पडली तर? कडी उघडताच आली नाही तर? आईने तोंडावर हात दाबला. सुताराने दाराला खांदा लावला. बाईंनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं. तो मागे सरला. मग त्याने टकटक केलं.

“छकुले, येऊ का आत?”

“नको,” आतून आवाज आला.