बटणाआधीची उडी

मेहुणा आणि मी एकाच लॅबमध्ये काम करतो आणि कामापुरतंच बोलतो. त्याने बनवलेल्या, व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या कन्व्हर्टरची चाचणी माझ्याकडे आली होती. मी बटण दाबून दिव्यांचा लोड टाकायचा, व्होल्टेज खाली जाणार, ते पाहून सर्किट स्वतःला सावरणार. सावरायला सर्किट किती जोर लावतं ते स्क्रीनवरची रेष दाखवायची; लोड जेवढा, तेवढी तिची उडी.

उडी आधी आली. माझं बोट बटणाला टेकलंही नव्हतं.

"याला पुढचं कळायची सोय केलीयस का?" मी विचारलं.

"इनपुटला येणारी वीज बदलली तर तेवढं आधी कळतं. लोडचं कसं कळणार?" त्याने मान वर केली नाही. "तुम्ही माझं उणं काढायला टपलेलेच असता, भावजी."

इनपुटची खबर सर्किटला देणारी वायरच मी उपटली. फरक नाही. मग मनाशी ठरवलं, दाबायचं नाही. रेष सपाट राहिली. दाबायचं ठरवलं, आणि बोट हलायच्या आत रेष उसळली. दहा वेळा केलं, दहाही वेळा तेच.

वैतागून मेन स्विच बंद केला आणि दिवे सोडवायला दोन्ही हात उघड्या टर्मिनलांवर ठेवले. कंट्रोलची बॅटरी वेगळी, त्यामुळे स्क्रीन चालूच होता.

रेष उसळली. दिव्यांची उडी मला पाठ झाली होती. ही फार लहान होती, आणि नाडीसारखी थरथरत होती.

मागे मेहुण्याची खुर्ची सरकली. मेन स्विच त्याच्या बाजूला होता.

हात काढायचं मी ठरवलं.

रेष खाली आली नाही.